अमेरिकी विद्यापीठात एसआय लीडर होण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकी विद्यापीठांत शिकणारे मराठी विद्यार्थी कॅम्पसवरच्या नोकऱ्यांची यादी पाहू लागले की, ग्रंथालय आणि भोजनगृह यांच्या जोडीला 'एसआय लीडर' हे पद त्यांना दिसते आणि नेमके काम काय याचा उलगडा जाहिरातीतून होत नाही. मी पदवीच्या काळात चार सत्रे जनरल केमिस्ट्री या विषयाची एसआय लीडर होते आणि नंतर नव्या लीडरांच्या प्रशिक्षणात मदत केली. त्या काळात मला आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. गोंधळ टाळण्यासाठी 'सत्र' हा शब्द सेमिस्टरसाठी आणि 'बैठक' हा शब्द गटाने अभ्यास करण्याच्या तासासाठी वापरला आहे.

एसआय म्हणजे नेमके काय?

सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन या नावाचे हे लघुरूप आहे. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत १९७३ साली डिॲना मार्टिन यांनी ही पद्धत सुरू केली. आरंभी ती वैद्यक, दंतवैद्यक आणि औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी होती आणि पुढे संपूर्ण विद्यापीठात पसरली. १९८१ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने तिला अनुकरणीय शैक्षणिक कार्यक्रम म्हणून मान्यता दिली. आज ती अनेक देशांत वेगवेगळ्या नावांनी चालते. ऑस्ट्रेलियात तिला 'पास' म्हणतात आणि तिथे वुलंगाँग विद्यापीठ या कामात अग्रेसर आहे, तर युरोपात स्वीडनच्या लुंड विद्यापीठाने ही जबाबदारी घेतली आहे.

या पद्धतीचे मर्म एका निर्णयात आहे. कोणते विद्यार्थी कच्चे आहेत हे शोधण्याऐवजी कोणते विषय अवघड आहेत हे शोधायचे, असे मार्टिन यांनी ठरवले. ज्या विषयात ३० टक्के किंवा त्याहून अधिक विद्यार्थ्यांना डी किंवा एफ श्रेणी मिळते, अथवा ते विषय अर्धवट सोडून डब्ल्यू घेतात, तो विषय एसआयसाठी निवडला जातो. जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, कॅल्क्युलस, ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी आणि अकाउंटिंग हे या यादीत नेहमी आढळणारे विषय आहेत. बैठकीला कोणीही यावे, तिला शुल्क नसते आणि सक्तीही नसते. 'ढ' मुलांचा वेगळा वर्ग, असा शिक्का बसण्याची भीती त्यामुळे राहत नाही. आपल्याकडे जादा तासाला बसवलेल्या मुलांच्या चेहऱ्यावरचा संकोच ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या एका निर्णयाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

एसआय लीडर, ट्यूटर आणि टीए यांच्यात काय फरक आहे?

ट्यूटर बहुधा एका वेळी एकाच विद्यार्थ्याबरोबर बसतो आणि त्याने आणलेल्या अडचणीवर काम करतो. टीए हा प्राध्यापकांचा सहायक असतो. तो प्रयोगशाळा सांभाळतो, उत्तरपत्रिका तपासतो, गुण देतो आणि बहुतेक वेळा पदव्युत्तर किंवा पीएच.डी.चा विद्यार्थी असतो. एसआय लीडर एका ठरावीक विषयाच्या, एका ठरावीक प्राध्यापकांच्या वर्गाशी बांधलेला असतो. त्या वर्गाच्या सर्व लेक्चरना तो पुन्हा हजर राहतो आणि त्यावर आधारित गटाभ्यासाच्या बैठका घेतो. त्याच्या हातात गुण देण्याचा कोणताही अधिकार नसतो आणि ही उणीव नसून सोय आहे, कारण ज्याच्याकडे गुण नाहीत त्याच्यासमोर विद्यार्थी आपले अज्ञान मोकळेपणाने मांडतात.

अर्ज करण्यासाठी पात्रता काय लागते?

नियम विद्यापीठागणिक थोडे बदलतात, परंतु तीन गोष्टी जवळजवळ सगळीकडे विचारल्या जातात. तो विषय तुम्ही ए किंवा बी श्रेणीत उत्तीर्ण झालेला असावा, एकूण जीपीए, म्हणजे सर्व विषयांच्या श्रेणींची सरासरी, समाधानकारक असावा (अनेक ठिकाणी ३.० ही मर्यादा असते) आणि त्या विषयाच्या प्राध्यापकांची तुमच्या नावाला संमती असावी. तिसऱ्या अटीकडे आपले विद्यार्थी दुर्लक्ष करतात. प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेल्या वेळी, जाणे म्हणजे त्यांचा वेळ घेणे, असा आपला समज असतो आणि त्यामुळे सत्र संपेपर्यंत त्यांना आपला चेहराही ओळखीचा होत नाही. तुम्हाला पुढे हे काम करायचे असेल, तर तो विषय शिकत असतानाच दोन-चार वेळा नेमके प्रश्न घेऊन त्यांच्याकडे जाऊन या.

सर्वोच्च गुण मिळवणारा विद्यार्थीच उत्तम लीडर होतो असे नाही. ज्याला विषय सहज आला, त्याला इतर कुठे अडखळतात हे दिसत नाही. धडपडून बी-प्लसपर्यंत पोचलेल्या विद्यार्थ्याला ती प्रत्येक ठेच आठवत असते.

आल्या आल्या पहिल्याच सत्रात हे काम मिळेल का?

साधारणपणे नाही, कारण तो विषय त्याच विद्यापीठात शिकलेला असणे अपेक्षित असते. पहिले सत्र विषय चांगला करण्यात घालवावे आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या सत्रासाठी अर्ज करावा.

मी एमएसचा विद्यार्थी आहे. मला अर्ज करता येतो का?

काही विद्यापीठे पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही घेतात, पण हे पद मुख्यतः पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आखलेले आहे. ज्याने तो विषय गेल्या एक-दोन वर्षांत, त्याच बाकांवर बसून केला आहे असा सहाध्यायी हवा, ही त्यामागची दृष्टी आहे. मुंबई किंवा पुणे विद्यापीठातून अभियांत्रिकी करून आलेल्या विद्यार्थ्याने तिथला कॅल्क्युलसचा वर्ग अनुभवलेला नसतो. अशा विद्यार्थ्यांनी आपल्या विभागातील टीए आणि ग्रेडरच्या जागा, तसेच विद्यापीठाच्या लर्निंग सेंटरमधील ट्यूटरच्या जागा आधी पाहाव्यात.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर हे काम चालते का? कागदपत्रे कोणती लागतात?

चालते. ही कॅम्पसवरची नोकरी धरली जाते आणि एफ-१ विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत कॅम्पसवर काम करता येते. सुट्टीत ही मर्यादा शिथिल होते. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, २० तासांची मर्यादा सर्व कामांना मिळून आहे. ग्रंथालयात १४ तास काम करणाऱ्याला एसआयसाठी ६ तासच उरतात आणि ते पुरत नाहीत. बैठकीची पूर्वतयारी आणि लेक्चरला दिलेला वेळ हेही पगारी तास असल्याने मोजले जातात. 'एखादा तास वर गेला तर काय बिघडते' असे कोणी सांगितले तरी ऐकू नये, कारण नियमभंगाची किंमत तुमच्या व्हिसाच्या दर्जाला मोजावी लागते आणि तिथे सबब चालत नाही.

दुसरी अडचण जाहिरातीत लपलेली असते. काही जागा 'फेडरल वर्क-स्टडी' या सरकारी साहाय्यातून भरल्या जातात आणि त्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांसाठी खुल्या नसतात. जाहिरातीत हा उल्लेख असेल, तर थेट विद्यापीठातील एसआय कार्यक्रमाच्या समन्वयकांना विचारावे की याच पदासाठी विद्यापीठाच्या निधीतून भरली जाणारी जागा आहे का. बहुतेक वेळा असते, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

निवड झाल्यावर सोशल सिक्युरिटी क्रमांक नसल्यास त्यासाठी अर्ज करावा लागतो. त्याकरिता नोकरी देणाऱ्या विभागाचे पत्र आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातील अधिकाऱ्यांचे पत्र, अशी दोन पत्रे पासपोर्ट, आय-२० (विद्यापीठाने दिलेले प्रवेशाचे प्रमाणपत्र) आणि आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद) यांच्यासोबत न्यावी. नोकरीच्या पात्रतेचा आय-९ हा फॉर्म काम सुरू झाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत पुरा व्हावा लागतो. करकपातीसाठी डब्ल्यू-४ भरावा लागतो. कराच्या दृष्टीने अनिवासी असलेल्या एफ-१ विद्यार्थ्याला, म्हणजे सर्वसाधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षे, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या करांतून सूट असते. ती रक्कम चुकून कापली गेली आहे का, हे पहिल्या पगारपत्रकावर तपासून घ्यावे. शिवाय भारत आणि अमेरिका यांच्यातील करकराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्यांना प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) घेता येते. ही सवलत अनिवासी असलेल्या इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना नाही, त्यामुळे दुसऱ्या देशाच्या मित्राचे विवरणपत्र पाहून आपले भरू नये.

आठवड्याला किती काम असते?

वर्गाची लेक्चर साधारण तीन तास, प्रत्येकी ५० मिनिटांच्या दोन किंवा तीन बैठका, त्यांची तयारी आणि समन्वयकांबरोबरची भेट असे धरून ८ ते १० तास होतात. परीक्षेच्या आठवड्यात ते वाढतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यात तुमच्या स्वतःच्या परीक्षा असतात. सत्राच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही वेळापत्रके समोरासमोर ठेवून हा पेच आधीच सोडवावा.

आधीच उत्तीर्ण झालेल्या विषयाच्या लेक्चरना पुन्हा का बसायचे?

कारण बैठक ज्या पायावर उभी राहते तो पाया तिथे घातला जातो. प्राध्यापकांनी या वर्षी कोणते उदाहरण घेतले, कोणती संज्ञा वापरली, कशावर भर दिला आणि कोणत्या क्षणी सगळ्या वर्गाची पेने थांबली, हे पाहिल्याशिवाय बैठकीची आखणी करता येत नाही. त्याशिवाय लीडरने वर्गात कसे वागावे यालाही महत्त्व आहे. त्याने नोट्स काढाव्यात, मोबाइल बाजूला ठेवावा, प्राध्यापकांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येत असूनही देऊ नये. चांगला विद्यार्थी वर्गात काय करतो हे इतरांना तो न बोलता दाखवत असतो.

प्रशिक्षणात काय शिकवतात?

सत्र सुरू होण्यापूर्वी बहुधा दोन दिवसांचे प्रशिक्षण असते. त्यात विषय शिकवत नाहीत, तर प्रश्न कसा विचारावा, गट कसे पाडावेत, बैठकीचा आराखडा कसा लिहावा हे शिकवतात. नंतर पहिल्या काही आठवड्यांत समन्वयक किंवा अनुभवी लीडर तुमच्या बैठकीत मागे बसून निरीक्षण करतात. याला तपासणी समजू नये. मला मिळालेला सर्वात उपयोगी शेरा अशाच एका निरीक्षणातून आला. निरीक्षकांनी माझ्या पन्नास मिनिटांच्या बैठकीत कोण किती वेळ बोलले याची नोंद ठेवली होती आणि त्यात जवळपास चाळीस मिनिटे माझी होती. बैठक फार छान झाली, असे मला तोवर वाटत होते.

मी समजावून सांगायचे नाही, तर मग करायचे काय?

हा प्रश्न आपले विद्यार्थी सर्वात जास्त विचारतात, आणि माझ्या मते या कामात जे काही शिकण्यासारखे आहे ते सगळे याच प्रश्नात आहे. आपण शाळेच्या फळ्यापुढून शिकवणीच्या फळ्यापुढे गेलेलो असतो. समजावून सांगणारा एक आणि उतरवून घेणारे साठ, हेच शिकवण्याचे चित्र आपल्या मनात असते. त्यामुळे कोणी प्रश्न विचारला की, आपला हात आपोआप मार्करकडे जातो. एसआयमध्ये हा हात आवरायचा असतो. लेक्चर तर प्राध्यापकांनी दिलेलेच आहे. त्याची लहान आवृत्ती पुन्हा ऐकवल्याने ज्याला पहिल्यांदा कळले नाही त्याला दुसऱ्यांदा कळल्यासारखे वाटते, पण घरी गेल्यावर कागद कोराच राहतो.

एक उदाहरण घेऊ. १० ग्रॅम हायड्रोजन आणि ६४ ग्रॅम ऑक्सिजन यांच्या संयोगाने जास्तीत जास्त किती पाणी तयार होईल, असा प्रश्न आहे. बैठकीतील एक जण विचारतो, "यात आधी काय संपते हे कसे ओळखायचे?" उत्तर तुम्हाला अर्ध्या मिनिटात देता येईल. त्याऐवजी तुम्ही विचारता, "दोन्हींची तुलना करायची तर ती कोणत्या एककात करावी?" कोणी तरी 'ग्रॅम' म्हणते. तुम्ही ते चूक ठरवत नाही, तर वर्गातल्या नोट्समध्ये समीकरण कशाचे प्रमाण सांगते ते शोधायला लावता. दोघांना 'मोल' सापडते. हायड्रोजन ५ मोल, ऑक्सिजन २ मोल. आता समीकरणानुसार २ मोल ऑक्सिजनला ४ मोल हायड्रोजन लागतो, म्हणजे संपणार तो ऑक्सिजन, वजनाने सहापटीहून जास्त असूनही. पाणी ४ मोल, म्हणजे ७२ ग्रॅम. मग तुम्ही आणखी एक प्रश्न टाकता: "आपण ७४ ग्रॅमपासून सुरुवात केली होती, बाकीचे २ ग्रॅम कुठे गेले?" उरलेला एक मोल हायड्रोजन सापडला की, खोलीतल्या कोणाला तरी पहिल्यांदा वस्तुमान अक्षय्यतेचा नियम पाठांतराबाहेर भेटतो. या सगळ्याला बारा-पंधरा मिनिटे लागतात. तुम्ही सांगितले असते तर दोन लागली असती. वाचलेल्या तेरा मिनिटांचा फायदा कोणालाच झाला नसता.

गणिती विषयांसाठी एक फळ्याची पद्धत शिकवतात, तीही सांगते. फळ्याचे चार रकाने करायचे. पहिल्यात लागणारे पूर्वज्ञान आणि सूत्रे, दुसऱ्यात गणिताच्या पायऱ्या, तिसऱ्यात प्रत्येक पायरी का केली ते साध्या वाक्यात, आणि चौथ्यात तसेच दुसरे गणित. खडू किंवा मार्कर विद्यार्थ्यांच्या हातात असतो. तिसरा रकाना भरताना सगळे अडखळतात, कारण पायरी करणे आणि तिचे कारण सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत हे तिथे उघड होते. वर दिलेल्या गणितात 'दोनने भागले' हे सगळे लिहितात. 'हायड्रोजनच्या एका मोलचे वस्तुमान २ ग्रॅम असते म्हणून' हे लिहायला वेळ लागतो.

बैठकीचा सर्वसाधारण आकार असा असतो: सुरुवातीला पाचेक मिनिटांचे स्मरण, मध्ये एक किंवा दोन मोठी कामे, शेवटी आज काय हाती लागले ते प्रत्येकाने एका-दोन वाक्यांत लिहिणे. विचार-जोडी-चर्चा (आधी एकट्याने विचार, मग जोडीत, मग सर्वांत चर्चा) किंवा जिगसॉ (प्रत्येकाने एक भाग शिकून तो इतरांना सांगणे) यांसारख्या पद्धती प्रशिक्षणात शिकवतात. पहिल्या सत्रात दोन पद्धती नीट वापरता आल्या तरी पुरे.

प्रश्न विचारला आणि कोणीच बोलले नाही तर?

थांबावे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी वर्गांतील संभाषणांचा अभ्यास करून दाखवले की, प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी एक सेकंदच वाट पाहतात आणि ती वेळ तीन सेकंदांपर्यंत किंवा पुढे नेली की, उत्तरे लांब होतात, अधिक विद्यार्थी बोलू लागतात आणि 'माहीत नाही' कमी होते. तीन सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण खोलीपुढे उभे राहिल्यावर ते फार मोठे होतात. मी मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजत असे. तरीही शांतता राहिली, तर प्रश्न लहान करावा किंवा दोघा-दोघांत बोलायला सांगावे, परंतु स्वतः उत्तर देऊ नये. एकदा दिले की, पुढच्या वेळी गप्प बसल्यास उत्तर मिळते हे सर्वांना समजते.

मलाच उत्तर आले नाही तर?

तसे स्पष्ट सांगावे आणि पुस्तकात कुठे शोधाल ते सर्वांसमोर शोधून दाखवावे. अंदाजाने उत्तर देणे मात्र अक्षम्य आहे. चुकीचे उत्तर तुमच्या तोंडून गेले की, ते वीस जणांच्या वहीत जाते आणि परीक्षेपर्यंत तिथेच राहते. पुढच्या बैठकीची सुरुवात त्याच प्रश्नाने करावी.

माझे उच्चार भारतीय आहेत. विद्यार्थ्यांना समजेल का?

समजतात. पहिल्या दोन बैठकांत सावकाश बोलावे, महत्त्वाच्या संज्ञा फळ्यावर लिहाव्यात, आणि उच्चार वेगळा असलेले शब्द (ॲल्युमिनियम हा नेहमीचा) एकदा सांगून टाकावेत. मला स्वतःला या गोष्टीची फार भीती होती आणि मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना ती अधिक असते हे मी जाणते. पण वरच्या उत्तरात सांगितलेले काम पाहा. ज्या बैठकीत लीडर पन्नासपैकी दहा मिनिटेच बोलतो, तिथे त्याच्या उच्चारांचा प्रश्न आपोआप लहान होतो. ऐकण्याचे कौशल्य अधिक लागते. शिवाय आपल्यापैकी अनेकांनी रसायनशास्त्र दोन भाषांत शिकलेले असते, 'संयुजा' आणि 'व्हॅलेन्सी' हे एकच आहे हे कधी तरी स्वतः जुळवलेले असते. शब्द आणि कल्पना वेगळ्या असतात, याचे भान त्यातून आलेले असते आणि ते इथे उपयोगी पडते.

बैठकीत भारतीय विद्यार्थी असतील तर मराठी किंवा हिंदीत समजावले तर चालेल का?

बैठक चालू असताना नाही. ज्यांना ती भाषा येत नाही ते त्या क्षणी खोलीबाहेर फेकले जातात. बैठकीनंतर वाटेत काय बोलायचे तो तुमचा प्रश्न आहे.

गृहपाठ सोडवून मागितला तर?

नकार द्यावा आणि तो पहिल्याच बैठकीत सर्वांसमोर सांगून ठेवावा, म्हणजे पुढे कोणा एकाला नाही म्हणण्याची वेळ येत नाही. गुण मिळणारे काम लीडर करून देत नाही. त्याच धर्तीचे दुसरे गणित मात्र गटाने सोडवता येते. गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका प्राध्यापकांनी स्वतः दिली असेल तरच वापरावी. इथे ओळखीच्या मुलांचा दबाव सर्वात जास्त येतो. एकाच घरात चार जण राहत असतात, तुम्ही त्या विषयाचे लीडर असता आणि रात्री अकरा वाजता कोणी तरी लॅपटॉप घेऊन समोर बसते. मैत्रीपोटी केलेली ही मदत शैक्षणिक अप्रामाणिकपणाच्या चौकशीत दोघांनाही अडकवू शकते. गुणांविषयीची गोपनीयताही तितकीच काटेकोर आहे. १९७४ च्या 'फर्पा' या कायद्याने विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींना संरक्षण आहे. कोण बैठकीला येते आणि कोणाला किती गुण पडले, हे लीडरने कोणाजवळही बोलू नये.

बैठकीला कोणी आलेच नाही तर? किंवा फक्त हुशार विद्यार्थीच आले तर?

पहिली बैठक रिकामी जाणे सामान्य आहे. वर्गात प्राध्यापकांच्या परवानगीने दोन मिनिटे उभे राहून वेळ आणि खोली सांगावी, वेळ निवडताना वर्गाला विचारावे, आणि एकच विद्यार्थी आला तरी पूर्ण बैठक घ्यावी. पहिल्या परीक्षेचे गुण लागले की गर्दी वाढते.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. ज्यांना गरज आहे ते येत नाहीत ही तक्रार खरी असते, आणि तिचे कारण बहुधा आळस नसते. १९७० च्या दशकात बर्कली येथे युरी ट्राइझमन यांनी कॅल्क्युलसमध्ये अडचणीत येणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. आवड कमी, पूर्वतयारी कच्ची, घरचे पाठबळ नाही, अशी कारणे सगळे सांगत होते. प्रत्यक्षात ट्राइझमन यांना आढळले ते असे की, हे विद्यार्थी मेहनती होते, पण एकेकटे अभ्यास करत होते, तर चिनी वंशाचे विद्यार्थी आधी स्वतंत्र आणि मग एकत्र बसून एकमेकांचे काम तपासत होते. त्यांनी मग अवघड गणितांवर एकत्र काम करण्याचे वर्ग सुरू केले आणि ते सुधारणावर्ग म्हणून नव्हे, तर मानाचे वर्ग म्हणून चालवले. या गोष्टीतून मी एक सवय घेतली. मागच्या रांगेत एकटे बसणाऱ्याला 'तुला मदत हवी आहे का' असे मी विचारत नसे. 'आज आम्ही तिसरे गणित सोडवणार आहोत, येशील का' असे विचारत असे. दुसऱ्या प्रश्नाला होकार देणे सोपे असते.

एसआयमुळे गुण खरोखर सुधारतात का?

बैठकांना येणाऱ्यांचे सरासरी गुण न येणाऱ्यांपेक्षा जास्त असतात आणि त्यांच्यात नापास होणे किंवा विषय सोडणे कमी असते, असे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. यावर एक रास्त आक्षेप आहे. येणे ऐच्छिक असल्यामुळे मुळातच जास्त कष्टाळू असलेले विद्यार्थी येतात आणि फरक त्यांच्या कष्टाचा असू शकतो. पूर्वीचे गुण लक्षात घेऊन तुलना करणाऱ्या अभ्यासांतही बरेचदा फरक शिल्लक राहतो, पण आक्षेप पुरता मिटत नाही. म्हणून आपल्या बैठकीला 'येणारे पास झाले' याचे श्रेय लीडरने सहज घेऊ नये.

यातून मला काय मिळते?

तासाचा पगार, प्राध्यापकांना शिफारसपत्र देता येईल इतके त्यांच्याबरोबरचे निकटचे काम आणि त्या विषयावरची घट्ट पकड. वैद्यकीय किंवा पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्यांना शेवटची गोष्ट फार उपयोगी पडते. काही विद्यापीठांचे ट्यूटर-प्रशिक्षण 'कॉलेज रीडिंग अँड लर्निंग असोसिएशन' या संस्थेकडून मान्यताप्राप्त असते. तिथे ट्यूटर म्हणून १० तासांचे प्रशिक्षण आणि २५ तासांचे प्रत्यक्ष काम पूर्ण केल्यावर पहिल्या स्तराचे प्रमाणपत्र मिळते. अर्ज करताना याविषयी विचारावे.

हे महाराष्ट्रातल्या महाविद्यालयात करता येईल का?

करता येईल, आणि त्यासाठी एका खोलीपलीकडे फारसे काही लागत नाही. आपल्याकडे मोठ्या मुलाने लहानाला शिकवण्याची रीत जुनीच आहे. मद्रासच्या अनाथालयात एकमेकांना शिकवणारी मुले पाहून अँड्र्यू बेल यांनी १७९७ मध्ये पुस्तिका लिहिली आणि 'मॉनिटर' पद्धत इंग्लंडात गेली. परंतु ती पद्धत वरून आलेला पाठ खाली पोचवण्याची होती आणि वसतिगृहांत आजही परीक्षेच्या आदल्या रात्री सीनियर तेच करतो: 'हे पाच प्रश्न कर, येतीलच.' एसआयचा प्रयोग करायचा असेल, तर ही सवय आधी सोडावी लागेल. एखादा विषय निवडावा, उदाहरणार्थ अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे गणित, ज्यात दरवर्षी बरेच विद्यार्थी अडकतात. प्राध्यापकांची संमती घ्यावी, आठवड्याला दोन ठरलेल्या वेळा जाहीर कराव्यात आणि त्या सत्रभर पाळाव्यात. भाषेचा प्रश्न इथे उलटा सुटतो. इंग्रजीतले पुस्तक आणि मराठीतली चर्चा यांची सांगड घालण्याची सोय लेक्चरपेक्षा बैठकीत कितीतरी अधिक असते.

सत्राच्या मध्येच काम सोडता येते का?

नियमाने येते, पण तुमच्या वर्गाला त्या सत्रात दुसरा लीडर बहुधा मिळत नाही, कारण नव्या व्यक्तीने आधीची लेक्चर ऐकलेली नसतात. तब्येत किंवा स्वतःचे गुण धोक्यात आले असतील, तर समन्वयकांना लवकर सांगावे. बैठकांची संख्या तीनवरून दोनवर आणणे किंवा एक बैठक दुसऱ्या लीडरबरोबर वाटून घेणे यांसारखे मार्ग ते बहुतेक वेळा काढतात. न कळवता बैठकीला न जाणे मात्र टाळावे. त्या दिवशी बंद खोलीबाहेर तीन-चार विद्यार्थी वही घेऊन उभे असतात आणि त्यातला जो पहिल्यांदाच आलेला असतो, तो सहसा पुन्हा येत नाही.